तिकीट कोण देतं?

लेखमाला : उमेदवारीची वाट – भाग सहावा

द्रुतगती मार्गाने जाणाऱ्या बहुतेकांना उर्से म्हणजे टोलनाका एवढंच ठाऊक असतं. काच खाली, काच वर, गाव मागे पडलं. निवडणुकीच्या हिशेबात मात्र उर्से 204 मावळ या विधानसभा मतदारसंघात येतं, आणि पक्षाने उमेदवारी नाकारली तर इच्छुकाने करायचं काय, याचा धडा शिकायला मावळासारखा दुसरा मतदारसंघ शोधावा लागेल.

आधी 2019 घेऊ. मावळ भाजपचा बालेकिल्ला होता. 1995 ला रूपलेखा ढोरे, मग दोनदा दिगंबर भेगडे, मग दोनदा बाळा भेगडे, अशा सलग पाच निवडणुका भाजपने जिंकल्या होत्या. अशा ठिकाणी खरी चुरस पक्षाच्या आतच असते. तिकीट मिळालं की अर्धा गुलाल उधळलाच. तळेगाव दाभाडे नगरपरिषदेत भाजपकडून काम केलेल्या सुनील शेळके यांना ते तिकीट हवं होतं. विधानसभेला ते नवखे होते, राजकारणाला नव्हेत. समोर विद्यमान आमदार, तेही जून 2019 मध्ये राज्यमंत्री झालेले. पक्षाने मंत्र्यालाच पुन्हा उभं केलं. शेळके राष्ट्रवादीत गेले आणि घड्याळ घेऊन उभे राहिले. 21 ऑक्टोबरला मतदान झालं. निकाल असा लागला : शेळके 1,67,712, भेगडे 73,770. फरक 93,942 मतांचा. पाच वर्षांपूर्वी याच भेगडेंनी ही जागा सुमारे 28 हजारांनी राखली होती.

या आकड्यांकडे मी भाजप विरुद्ध राष्ट्रवादी म्हणून बघत नाही. भाजपच्या आतलं जे भांडण पक्षाने मतदारांपुढे येऊ दिलं नाही, ते मतदारांनी सार्वत्रिक निवडणुकीत मिटवलं. अमेरिकेत याच कामासाठी वेगळी निवडणूक असते. तिला प्रायमरी म्हणतात.

तिथे नोव्हेंबरच्या मुख्य लढतीआधी काही महिने पक्षाचा उमेदवार मतदारच निवडतात. खर्च आणि यंत्रणा सरकारची, मतदान गुप्त. विद्यमान खासदाराला सूट नाही. ठराविक सह्या गोळा करणारा कुणीही त्याच्याच पक्षात त्याच्याविरुद्ध उभा राहू शकतो. न्यू यॉर्कमध्ये जून 2018 मध्ये अलेक्झांड्रिया ओकासिओ-कोर्टेझ या, त्याआधी बारमध्ये काम केलेल्या 28 वर्षांच्या तरुणीने दहा वेळा निवडून आलेल्या जो क्राउली यांना असंच हरवलं. हे ऐकून आपल्याकडे लगेच ‘बघा, लोकशाही!’ असं म्हटलं जातं. जरा थांबा. त्या दिवशी मिळून मतं पडली सुमारे 30 हजार, आणि मतदारसंघाची लोकसंख्या सात लाखांच्या घरात. न्यू यॉर्कमध्ये प्रायमरीत फक्त त्या पक्षाचे म्हणून नोंदलेले मतदार मत देतात, त्यातले घराबाहेर पडतात ते आणखी थोडे. नवख्याला मोठ्या नेत्याला पाडता येतं ते बऱ्याच अंशी यामुळेच. मावळात 2019 ला पहिल्या दोघांनाच मिळून 2,41,482 मतं पडली होती.

मराठी माणसालाही हा अनुभव आहे. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार 2018 मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्रायमरीत उतरले आणि तिसरे आले. 2022 मध्ये डेट्रॉइटच्या मतदारसंघात कुणी विद्यमान खासदार रिंगणात नव्हता. उमेदवारांची गर्दी होती आणि जेमतेम 28 टक्के मतांवर ठाणेदार प्रायमरी जिंकले. डेट्रॉइट डेमोक्रॅट पक्षाचा गड असल्याने पुढची निवडणूक म्हणजे उपचार. दोन वर्षांनी तेच विद्यमान झाले आणि आव्हान द्यायला दुसरे उभे राहिले. त्यातल्या ॲडम हॉलियर यांचा अर्ज हजार वैध सह्या भरल्या नाहीत म्हणून बाद झाला. छाननीत अर्ज उडणं ही काही फक्त आपल्याकडची गंमत नाही.

मिशिगनमध्ये आणखी एक नियम आहे आणि मावळाच्या दृष्टीने तोच सर्वांत महत्त्वाचा. प्रायमरीत हरलेल्याला त्याच वर्षी दुसऱ्या पक्षाकडून किंवा अपक्ष म्हणून मतपत्रिकेवर येता येत नाही. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत असा काही ना काही अटकाव आहे. तिथे बंडखोरीला आधी एक अधिकृत जागा देतात आणि मग दार लावून घेतात. आपल्याकडे ती जागाच नाही, म्हणून दार उघडं.

आपल्याकडे असतो तो एबी फॉर्म. पक्षाने कुणाला सही करायचा अधिकार दिला ते ‘ए’ सांगतो, पक्षाचा उमेदवार कोण ते ‘बी’ सांगतो. अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत हे कागद निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या टेबलावर हवेत. ते कुणाच्या नावाने निघाले आणि का, हे विचारायचा हक्क कायद्याने मतदारालाच काय, पक्षाच्या साध्या सदस्यालाही दिलेला नाही. याच भागातलं 2014 चं उदाहरण घ्या. मावळ लोकसभेला शिवसेनेचे गजानन बाबर विद्यमान खासदार होते. पक्षाने त्यांच्याऐवजी श्रीरंग बारणे यांना उमेदवारी दिली. विद्यमान खासदार बाजूला झाला आणि एकही मत पडलं नाही.

त्याच वर्षी काँग्रेसने राहुल गांधींच्या आग्रहाने देशातल्या मोजक्या लोकसभा मतदारसंघांत प्रायमरी घेऊन पाहिली. महाराष्ट्रात लातूर आणि वर्धा. लातूरला दत्तात्रय बनसोडे निवडले गेले, वर्ध्यात सागर मेघे. मतदार होते पक्षाचेच पदाधिकारी आणि लोकप्रतिनिधी, म्हणजे ज्यांना नेत्याचा फोन जाऊ शकतो असे लोक. वर्ध्याचे तेव्हाचे खासदार होते सागर यांचे वडील दत्ता मेघे, त्यामुळे नव्या पद्धतीतून जुनंच घर बाहेर आलं. पुढे दोघेही उमेदवार हरले. मोदी लाटेत ते तसेही हरले असते, म्हणून दोष प्रायमरीला देता येत नाही. पण पक्षाने तो प्रयोग गुंडाळला तो गुंडाळलाच.

खरं सांगायचं तर प्रायमरीच्या सर्वांत जवळची गोष्ट आपल्या गावातच आहे. ग्रामपंचायतीला पक्षाचं चिन्ह नसतं, पॅनेल असतं. वॉर्डात कुणाला उभं करायचं यावर भावकीच्या बैठका बसतात. ‘मागच्या वेळी तुमच्या घरात दिलं, आता आमच्या’, ‘आबा, तुम्ही या वेळी थांबा, पोराला करू द्या’, असं तोंडावर बोललं जातं. विद्यमान सदस्याला घरचाच पुतण्या आव्हान देतो. ही काही आदर्श लोकशाही नव्हे. बायका अनेकदा त्या बैठकीत नसतात, राखीव वॉर्डातली नावंही भलतेच ठरवतात. तरी उमेदवार ज्यांच्यातून यायचा त्यांच्यासमोर ठरतो. विधानसभेचं नाव मुंबई-दिल्लीहून येतं.

आता 2024. शेळके विद्यमान झालेले, अजित पवारांच्या राष्ट्रवादीचे उमेदवार, आणि भाजप महायुतीत असल्याने त्यांचा मित्रपक्ष. या वेळी राष्ट्रवादीतलेच बापू भेगडे इच्छुक होते. तिकीट मिळालं नाही, ते अपक्ष उभे राहिले. बाळा भेगडे आणि तालुक्यातल्या भाजपच्या मंडळींनी युती बाजूला ठेवून त्यांना साथ दिली, महाविकास आघाडीनेही आपला उमेदवार न देता त्यांनाच पाठिंबा दिला. कागदावर हे गणित 2019 पेक्षा भक्कम होतं. मतं पडली शेळके 1,91,255, बापू भेगडे 82,690. फरक 1,08,565, म्हणजे गेल्या वेळेपेक्षाही मोठा.

एकच डाव एकदा जिंकतो आणि एकदा हरतो, तो का? आमदाराने पाच वर्षांत केलेली कामं, त्याची माणसं, हे सगळं आहेच. मला त्यात आणखी एक कोरडं कारण दिसतं. 2019 च्या बंडखोराला दुसऱ्या मोठ्या पक्षाचं तयार चिन्ह मिळालं. उर्शापासून आंदर मावळातल्या शेवटच्या वाडीपर्यंत घड्याळ कुणाला समजावून सांगावं लागत नव्हतं. 2024 च्या बंडखोराकडे नेते सगळ्या पक्षांचे होते, चिन्ह एकाचंही नव्हतं. अपक्षाला चिन्ह मिळतं ते माघारीची मुदत संपल्यावर. ती 4 नोव्हेंबरला संपली आणि मतदान 20 नोव्हेंबरला होतं. अपक्षांची ही चिन्हं कोण ठरवतं आणि एकाच चिन्हावर दोघांनी हक्क सांगितला तर काय होतं, ते पुढच्या भागात.