अंगठ्याच्या नखावर गंगापूर धरण

आपल्याकडे टेबलाखालच्या अख्ख्या डब्यालाच ‘सीपीयू’ म्हणतात. खरा सीपीयू, म्हणजे प्रोसेसर, त्या डब्याच्या पोटात चार सेंटिमीटर लांब-रुंद चौकोनात असतो. त्या चौकोनातलंही सिलिकॉन सगळं मिळून अंगठ्याच्या नखाएवढंच. नाशिकमधला माझा भाचा डबाच बदलायला निघाला, तेव्हा हा फरक कामी आला.

त्याचा संगणक २०१७ सालचा. आत एएमडीचा रायझन ५ १६००. जुने गेम सुरळीत चालायचे, पण नव्या गेममध्ये गर्दीचा रस्ता आला की चित्र अडखळायचं. साठ हजारांची यादी घेऊन तो आला. “मामा, मदरबोर्डपासून सगळंच बदलावं लागणार.”

लागणार नव्हतं. त्याच्या मदरबोर्डावर एएम४ सॉकेट आहे. २०१७ चा रायझन ज्या जागी बसतो, तिथेच एप्रिल २०२२ मध्ये आलेला रायझन ५ ५६०० बसतो. किंमत दहा हजारांच्या आसपास धरा. कोअर, म्हणजे आतले कामकरी मेंदू, दोन्हींत सहाच, विजेचा आकडा ६५ वॉट, पिना १३३१. म्हणजे ११ गुणिले ११ गुणिले ११. बाहेरून बघणाऱ्याला फरक कळायचा नाही. तो कळतो आतले आकडे बघितल्यावर, आणि ते आकडे आपल्या मापात आणल्यावर.

नाशिककराचं माप म्हणजे गंगापूर धरण. पावसाळ्यात रोज सकाळी पेपरात बघतो तो आकडा : क्षमता ५,६३० दशलक्ष घनफूट. आता प्रोसेसरमधला एक ट्रान्झिस्टर (वीज चालू-बंद करणारं चिमुकलं बटण) म्हणजे एक घनफूट पाणी समजा, साधारण २८ लिटर. ५६०० मध्ये सिलिकॉनच्या दोन चकत्या आहेत. सहा कोअर ज्या चकतीवर आहेत, तिच्यात ४१५ कोटी ट्रान्झिस्टर. तेवढ्यानेच धरण ७४ टक्के भरलं. रॅम आणि बाकीच्या भागांशी देवघेव करणाऱ्या दुसऱ्या चकतीत २०९ कोटी. बेरीज ६२४ कोटी. धरण काठोकाठ भरून ६१० दशलक्ष घनफूट पाणी उरलं! ते दहा हजार क्युसेकने सोडलं तरी विसर्ग जवळजवळ सतरा तास चालेल, आणि लोक गोदाघाटावर दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर लागलं ते बघायला जमतील.

ही वाढ किती वर्षांतली? १९७१ मध्ये इंटेलचा ४००४ हा प्रोसेसर आला, त्यात २,३०० ट्रान्झिस्टर होते. त्याच मापात ते दहा हजार लिटरचे साडेसहा टँकर. साडेसहा टँकरपासून ओसंडून वाहणाऱ्या धरणापर्यंत एक्कावन्न वर्षं लागली. दहा हजारांच्या हिशोबाने एका रुपयात सव्वासहा लाख ट्रान्झिस्टर पदरात पडतात.

गंमत म्हणजे कोअरच्या चकतीवर कोअर प्रत्यक्षात आठ असतात. ५६०० मध्ये त्यातले दोन बंद ठेवलेले असतात. आठ खोल्यांचा वाडा, दोन खोल्यांना कुलूप, म्हणून भाडं कमी. बजेटवाल्याला तोच वाडा स्वस्तात मिळतो.

ट्रान्झिस्टरपेक्षाही चक्रावणारा आकडा वेगाचा. ५६०० चा कमाल वेग ४.४ गिगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ४४० कोटी ठोके. एका ठोक्याच्या वेळात प्रकाशसुद्धा सातच सेंटिमीटर जातो, मधल्या बोटाएवढा. आता एक ठोका एका सेकंदाएवढा लांबवा. मग आपला एक सेकंद त्याला १३९ वर्षांचा होतो, आणि ६० एफपीएसवर, म्हणजे सेकंदाला ६० चित्रं दाखवताना, एक चित्र तयार करायला त्याच्या हाताशी दोन वर्षं चार महिने असतात.

एवढा वेळ असून चित्र अडखळतं का? कारण प्रोसेसर हा कारागीर हुशार असला तरी सामान आणण्यात दिवस घालवतो. हाताजवळच्या पहिल्या कॅशमधून, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्याच छोट्या कोठारातून, माहिती घ्यायला त्याला ४ सेकंद लागतात, म्हणजे खिशात हात घालण्याइतके. दुसरीतून १२. तिसरीतून ४६, म्हणजे जिना उतरून परत येण्याइतके. तिथेही नसेल तर रॅम : पाच मिनिटं, कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाची फेरी. एसएसडीपर्यंत जावं लागलं तर पाच दिवस, म्हणजे नाशिकहून पायी वणीच्या गडावर जाऊन परत. आणि जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर सतरा महिने!

खरी सुधारणा इथे आहे. जुन्या १६०० मध्ये तिसरी कॅश १६ एमबी, तीही आठ-आठच्या दोन वाटण्यांत. ५६०० मध्ये ती ३२ एमबी आणि सहाही कोअरना सामाईक. प्रत्येक कोअरच्या हाताशी चौपट कोठार आलं, किराणाच्या फेऱ्या घटल्या. शिवाय कंपनीच्या दाव्यानुसार एका ठोक्यातलं काम दर पिढीला ३, १५ आणि १९ टक्क्यांनी वाढलं. त्याला ३.६ वरून ४.४ वर गेलेल्या वेगाने गुणलं की उत्तर येतं सुमारे १.७ पट.

मराठी माणसाला आणखी एक तुलना पटेल. अमेरिकेने महासंगणक द्यायला आढेवेढे घेतले म्हणून पुण्यात सी-डॅक उभी राहिली आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० तयार झाला. त्याच मालिकेतल्या १९९८ च्या परम १०००० मध्ये १६० प्रोसेसर मिळून सेकंदाला १०० अब्ज गणितं करत. ५६०० ची कागदावरची क्षमता ३३६ अब्ज. देशाच्या अभिमानाच्या तीन यंत्रांचं बळ भाचा टेबलाखाली ठेवतो आणि त्यावर गाड्या पळवतो.

प्रोसेसर बदलण्याचं काम अर्ध्या तासाचं, पण क्रम चुकवू नका. आधी जुना प्रोसेसर जागेवर असतानाच बायोस, म्हणजे मदरबोर्डाचं मूळ सॉफ्टवेअर, अपडेट करा. त्यासाठी यूपीएस जोडलेला हवा, कारण मध्येच वीज गेली तर मदरबोर्ड मुका होऊ शकतो. अशा बऱ्याच जुन्या मदरबोर्डांवर बायोसची चिप १६ एमबीचीच असते. नव्या प्रोसेसरच्या नुसत्या तिसऱ्या कॅशमध्ये ती दोनदा मावेल! मग संगणक दहा मिनिटं चालवून बंद करा, प्लग काढा. आता प्रोसेसर आणि पंख्यामधली पेस्ट मऊ झालेली असते. पंखा आधी अलगद डावी-उजवीकडे फिरवा आणि मगच उचला. सरळ ओढलात तर वाळलेल्या पेस्टला चिकटून प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो, आणि १३३१ पिनांपैकी एक जरी वाकली तरी गाडं अडतं. नवा बसवताना कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण जुळवा, दाब देऊ नका. पेस्ट वाटाण्याच्या दाण्याएवढी पुरे.

तरीही खरेदीआधी एक फुकटची चाचणी करा. गेमचं रेझोल्यूशन खाली आणा. एफपीएस झटक्यात वाढले, तर अडचण ग्राफिक्स कार्डाची आहे. जागचे हलले नाहीत, तर प्रोसेसर कमी पडतोय. आणि डब्यात अजून फिरती हार्ड डिस्क असेल, तर पहिला पैसा एसएसडीवर घाला, सतरा महिन्यांची वाट आधी पाच दिवसांवर आणा. डबा भंगारात देण्याआधी झाकण उघडून मदरबोर्डाचं नाव एकदा वाचा. पन्नास हजार वाचू शकतात.