काळ्या खिडक्या आणि देवनारची आग

मुलांनो, उद्या दुपारी एक काम करा. जरा लांबच्या एखाद्या इमारतीकडे नीट पाहा. ज्या खोलीत दिवा लावलेला नाही आणि खिडकी सताड उघडी आहे, तिथे काय दिसतं? काळा चौकोन! आता त्याच घरात जाऊन पाहिलंत तर भिंती पांढऱ्या असतील, नाहीतर गुलाबी. मग बाहेरून काळं कसं?

त्याचं असं आहे. खिडकीतून आत गेलेला उजेड एका भिंतीवर पडतो, तिथून दुसऱ्या भिंतीवर, मग छतावर. दर खेपेला त्यातला थोडा थोडा शोषला जातो. खोली मोठी आणि खिडकी लहान, त्यामुळे आल्या वाटेने बाहेर पडणारा उजेड अगदीच थोडा उरतो. खोटं वाटत असेल तर बुटांचा रिकामा खोका घ्या. आतून पांढरा कागद चिकटवा आणि झाकणाला पेन्सिल जाईल एवढं भोक पाडा. आत सगळं पांढरं, पण भोक मात्र काळंकुट्ट!

आलेले सगळे किरण शोषून घेणाऱ्या, एकही परत न फिरवणाऱ्या वस्तूची कल्पना किरखोफ या जर्मन शास्त्रज्ञाने 1860 साली मांडली. तिला म्हणतात आदर्श कृष्ण पदार्थ. शंभर टक्के तशी वस्तू जगात कुठेच नाही. काजळी बरीच जवळ जाते, आणि खोक्याचं भोक तिच्याहूनही जवळ.

पण खरी गंमत पुढेच आहे. जो जास्त शोषतो, तोच तापल्यावर जास्त बाहेरही टाकतो. कोळशाची इस्त्री वापरणाऱ्या इस्त्रीवाल्याकडे जरा लांब उभे राहून बघा (लांबच बरं का!). थंड कोळसा काळा. तोच पेटला की लाल, वारा घातला की नारिंगी. आणि इस्त्रीला हात न लावताही तिची धग गालाला लागते. ती धग किरणांच्या रूपाने येते. हेच उष्णता प्रारण.

असे किरण फक्त निखारेच टाकतात असं नाही. तुमचा बाक, दप्तर, शेजारी बसलेला मित्र, सगळे रात्रंदिवस किरण टाकत असतात. ते अवरक्त असतात, म्हणून डोळ्यांना दिसत नाहीत. मिलिमीटरच्या हजाराव्या भागाला मायक्रॉन म्हणतात. आपल्या अंगातून निघणाऱ्या किरणांचा जोर सुमारे साडेनऊ मायक्रॉन तरंगलांबीला असतो. वस्तू जितकी गरम, तितकी ही तरंगलांबी लहान. सूर्याचा पृष्ठभाग सुमारे साडेपाच हजार अंश सेल्सिअस, म्हणून त्याचा जोर अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास, जिथे आपल्या डोळ्यांना दिसतं. म्हणजे किरण पाहून लांबूनच तापमान सांगता येतं. थर्मामीटर लावायला सूर्यावर जायला नको.

आता आपल्या देवनारकडे येऊ. इथल्या कचराभूमीला जानेवारी 2016 च्या अखेरीस मोठी आग लागली आणि ती कित्येक दिवस धुमसत राहिली. मी तेव्हा नोकरीला नवीन होते. परिसरातल्या महापालिकेच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. पुन्हा वर्ग भरला तेव्हा निम्मी मुलं खोकत होती. अवकाशातून टिपलेल्या छायाचित्रांत मुंबईवरचा धूर स्पष्ट दिसला होता. त्यातलं एक चित्र मी वर्गात दाखवलं, तर एका मुलीने विचारलं, "बाई, धूर दिसला, पण खाली आग कुठे आहे हे वरून कसं कळणार?"

प्रश्न अगदी बरोबर होता. मला त्या दिवशी उत्तर देता आलं नाही. घरी जाऊन वाचावं लागलं.

कचऱ्याच्या डोंगरात वरून ज्वाळा दिसतीलच असं नसतं. कुजणाऱ्या कचऱ्यातून मिथेन वायू निघतो, तो जळतो, आणि आग आतल्या आत सरकत राहते. पण जिथे पृष्ठभाग तापलाय तिथून किरण निघणारच. नासाच्या टेरा आणि ॲक्वा या उपग्रहांवर मोडिस नावाचं उपकरण आहे. ते 2016 साली सुमारे 705 किलोमीटर उंचीवरून जमिनीचे अवरक्त किरण मोजत होतं, आणि तेही दोन ठिकाणी, साधारण 4 मायक्रॉन आणि 11 मायक्रॉनला.

दोन कशाला? समजा, साधी जमीन 27 अंशांवर आहे आणि पेटलेली जागा 527 अंशांवर. आदर्श कृष्ण पदार्थाच्या सूत्राने हिशेब केला तर 11 मायक्रॉनला आगीचे किरण जमिनीच्या वीसपटही होत नाहीत. पण 4 मायक्रॉनला ते सुमारे अठराशे पट होतात! मोडिसच्या चित्रातला या किरणांचा एक ठिपका म्हणजे जवळजवळ एक किलोमीटर लांब-रुंद जागा. त्यात आग एखाद्या मैदानाएवढी असली तरी 4 मायक्रॉनचा आकडा एकदम उसळतो, 11 चा फारसा नाही. दोन आकड्यांत असा फरक दिसला की समजायचं, इथे काहीतरी पेटलंय. हे किरण धुरातूनही बरेचसे पार होतात.

हे सूत्र मॅक्स प्लांक यांनी 1900 साली शोधलं. तापलेल्या वस्तूच्या किरणांचं कोडं जुन्या नियमांनी सुटेना, तेव्हा त्यांनी ऊर्जा सुट्या सुट्या पुड्यांत येते असं मानलं. त्यातून पुंज भौतिकी नावाची शाखाच उभी राहिली. आणि 1924 साली आपल्या सत्येंद्रनाथ बोसांनी तेच सूत्र अगदी नव्या वाटेने मांडून आइन्स्टाइनना पाठवलं. ती गोष्ट पुन्हा कधीतरी, तिला अख्खं पान लागेल.

मी हे सगळं पुढच्या आठवड्यात वर्गात सांगितलं. त्या मुलीने मन लावून ऐकलं आणि मग विचारलं, "म्हणजे उपग्रहाला आग दिसते. पण वास येतो का हो, बाई?"

मी म्हटलं, "नाही गं. वास आपल्यालाच."