लॅबमध्ये पत्रकार पाहुणा येतो तेव्हा

पीएचडीच्या कोर्सवर्कमध्ये सँपलिंग शिकवतात, संख्याशास्त्र शिकवतात, प्लेजिअरिझम तपासणारं सॉफ्टवेअर दाखवतात. पण एखाद्या दिवशी गाईड सांगतात, "उद्या एक पत्रकार येताहेत, त्यांना लॅब दाखवून दे." तेव्हा नेमकं काय करायचं, हे कुठल्याच सिलॅबसमध्ये नसतं. आणि हे काम बहुतेक वेळा स्कॉलरकडेच येतं, कारण यंत्र रोज चालवणारा तोच असतो. तुम्ही संशोधनात यायची तयारी करत असाल तर हे आधीच समजून घेतलेलं बरं.

कॅम्पसवर येणारे पत्रकार ढोबळमानाने दोन प्रकारचे. पहिले, मुक्कामाला येणारे. हार्वर्ड विद्यापीठात १९३८ पासून नीमन फेलोशिप चालते. नोकरी करणारे पत्रकार एक शैक्षणिक वर्ष तिथे राहतात, हव्या त्या विषयाच्या वर्गात जाऊन बसतात. शेवटी डिग्री मिळत नाही, मिळतो तो अभ्यासाला वेळ. एमआयटीत १९८३ पासून खास विज्ञान पत्रकारांसाठी अशी योजना आहे. ती आज नाइट सायन्स जर्नलिझम फेलोशिप म्हणून ओळखली जाते. जर्मनीत हायडेलबर्गच्या सैद्धांतिक संशोधन संस्थेतही २०१२ पासून पत्रकार काही महिने संशोधकांमध्ये राहतात. विज्ञान आतून कसं चालतं, हे पत्रकाराला सावकाश बघता यावं, हा या सगळ्यामागचा विचार.

दुसरे, एका दिवसासाठी किंवा तासाभरासाठी येणारे. आपल्याकडे गाठ पडते ती मुख्यतः यांच्याशी. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिन असतो, पुण्याच्या आयुकासारख्या संस्था दारं उघडतात, कॅमेरे येतात. एरवी एखादा पेपर गाजला की फोन येतो. इथे वेळ कमी असतो, म्हणून घोळ व्हायची शक्यता जास्त.

घोळ किती मोठा होऊ शकतो, याचं उदाहरण अमेरिकेतल्या युटा विद्यापीठाचं. २३ मार्च १९८९ ला विद्यापीठाने पत्रकार परिषद घेतली. स्टॅनली पॉन्स आणि मार्टिन फ्लाइशमन या दोन रसायनशास्त्रज्ञांनी जाहीर केलं की टेबलावर मावणाऱ्या उपकरणात, साध्या तापमानाला, अणूंचं संमीलन घडलं. म्हणजे स्वस्त ऊर्जाच! पेपर तेव्हा अजून छापून आलेला नव्हता. जगभरच्या लॅबना पुरेसे तपशील मिळाले नाहीत, काहींनी तर बातम्यांतल्या वर्णनावरून आणि फोटोंवरून प्रयोग उभे केले. बहुतेकांना तसं काही मिळालं नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या समितीने पुरावा पटण्यासारखा नाही असं सांगितलं. 'कोल्ड फ्यूजन' हा शब्द आज इशारा म्हणून वापरला जातो. पत्रकारांना बोलावलं यात चूक नव्हती. जे इतर तज्ज्ञांनी अजून तपासलंच नव्हतं ते सिद्ध झाल्यासारखं सांगितलं, गडबड तिथे झाली.

यातून आपल्यासाठी साधा नियम निघतो: काम कसं चालतं ते मोकळेपणाने दाखवा, अर्धवट निष्कर्ष मात्र हातात देऊ नका. आता हे प्रत्यक्षात कसं करायचं?

१. बोलायच्या आधी अटी ठरवा. "हे ऑफ द रेकॉर्ड हं" असं बोलून झाल्यावर म्हणून उपयोग नाही. पत्रकार ते मानायला बांधील नसतो. नावानिशी छापायचं, नाव न देता वापरायचं की फक्त समजून घेण्यासाठी, हे सुरुवातीलाच स्पष्ट करा.

२. गाईडना आणि सहलेखकांना विचारा. अप्रकाशित डेटा एकट्या तुमचा नसतो. जर्नलचा एम्बार्गो असेल तर तोही पाळायचा. एम्बार्गो म्हणजे ठरलेल्या वेळेआधी बातमी छापायची नाही असा करार. 'नेचर'चा एम्बार्गो साधारणपणे बुधवारी लंडनच्या दुपारी ४ वाजता उठतो. आपल्याकडे तेव्हा उन्हाळ्यात रात्रीचे ८:३० आणि हिवाळ्यात ९:३० वाजलेले असतात. काही जर्नल्स आधीच गाजावाजा झालेलं काम नाकारूही शकतात. न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनने १९६९ मध्ये असा नियम केला, तो संपादकाच्या नावावरून 'इंगेलफिंगर नियम' म्हणून ओळखला जातो.

३. फोटोआधी खोलीवर नजर फिरवा. फळ्यावरची समीकरणं, स्क्रीनवरचा नवा ग्राफ, नमुन्यांच्या बाटल्यांवरची रुग्णांची नावं, भिंतीला चिकटवलेला पासवर्ड. हसू येईल, पण फोटो झूम करून वाचता येतो! आणि पाहुण्यालाही गॉगल, एप्रन द्या. सुरक्षेचे नियम कॅमेऱ्यासाठी सैल होत नाहीत.

४. शंका आकड्यांसकट सांगा. "उंदरांवर झालंय, माणसांवर नाही", "नमुने फक्त १२ आहेत", "दुसऱ्या कुणी अजून करून बघितलेलं नाही". हे तुम्ही बोलला नाहीत तर मथळ्यात येणारच नाही. मथळा बहुतेक वेळा बातमीदार लिहीत नाही, डेस्कवरचा उपसंपादक लिहितो. म्हणून मर्यादा शेवटी पुटपुटू नका, निष्कर्षाच्या त्याच वाक्यात जोडून सांगा.

५. बातमी आधी दाखवा असा हट्ट नको. बरेच पत्रकार नाही म्हणतात आणि त्यांचं बरोबर आहे. तुमचा पेपरसुद्धा ज्याच्याबद्दल आहे त्याच्या मंजुरीने छापला तर त्यावर कोण विश्वास ठेवेल? मात्र "माझ्या तोंडची वाक्यं आणि आकडे एकदा वाचून दाखवाल का?" असं जरूर विचारा.

हा शेवटचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे पाहुण्याला शाल, नारळ, चहा-पोहे दिले की तो चांगलंच लिहील अशी अपेक्षा असते. पण पत्रकार हा विद्यापीठाचा जनसंपर्क अधिकारी नाही. 'फेलोशिप किती महिन्यांनी जमा होते?' असा प्रश्न तो तुम्हाला विचारू शकतो. उत्तर द्यायचं की नाही हा निर्णय तुमचा, पण प्रश्न विचारणं हे त्याचं कामच आहे.

आणि चांगला पत्रकार जे विचारतो ते तुमच्या व्हायव्हाची रंगीत तालीम असते: हे तुम्हाला कसं कळलं? चुकीचं ठरायचं असेल तर काय दिसायला हवं? यावर कुणाचे पैसे लागलेत? तुमचं मत न पटणारं कोण आहे, त्यांचा नंबर द्याल का? यातल्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याकडे तयार असेल, तर तुम्ही तुमचं क्षेत्र नीट वाचलंय असं समजा. नसेल, तर पत्रकार यायची वाट न बघता आजच शोधायला लागा.