लेखांक ७ : समुद्राच्या तळाशी ओळंबा

परवा मुकुंदवाडीत आमच्या गल्लीत वीस मीटरचा टेप अंथरला. गवंड्याकडून ओळंबा मागून आणला होता. शेजारची पोरं जमली. दर अर्ध्या मीटरला ओळंबा सोडायचा आणि टोक टेकेल तेच वहीत लिहायचं: फरशी, माती, गटाराचं झाकण. एका पोराने तो हळूच सरकवून तुळशीवृंदावनावर टेकवला. म्हणाला, "काका, हे छान दिसतंय ना!"

प्रवाळांची मोजणी बिघडते ती इथेच.

'रीफ चेक' ही जगभरातले पाणबुडे वापरतात ती पद्धत. तिची पहिली जागतिक पाहणी १९९७ साली झाली. शंभर मीटरचा टेप, त्यावर वीस मीटरचे चार तुकडे, मध्ये पाच-पाच मीटर मोकळे. तुकड्यात ४० बिंदू, म्हणजे एकूण १६०. त्यांतल्या ३२ ठिकाणी जिवंत कठीण प्रवाळ आलं, तर आच्छादन २० टक्के. डोळा सुंदर गोष्टीकडे ओढला जातो, म्हणून दोरीला नट बांधून सोडतात. तो वाळूवर पडला तर वाळूच लिहायची, हातभर अंतरावर कितीही देखणं पोवळं असो. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला हे समजावून सांगायला नको. पूर्वी पीक कापणीचा प्लॉट चांगलं पीक बघून निवडला, की पैसेवारी पन्नासच्या वर जायची आणि गाव दुष्काळाच्या यादीतून गळायचं.

आपल्या राज्यात हे काम डोळ्यांसमोर आणायचं तर मालवण. १९८७ साली इथे सागरी अभयारण्य जाहीर झालं, क्षेत्र २९ चौरस किलोमीटरच्या आसपास; सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचं पाणी त्यातच येतं. होडी सकाळी लवकर काढायची, कारण दुपारी वारा उठला की पाणी हलतं आणि गढुळतं. पावसाळ्यात तर उतरणंच नाही. पाणबुडे जोडीने उतरतात. एक टेप सोडत जातो, दुसऱ्याच्या हातात प्लॅस्टिकची पाटी, तिला दोरीने बांधलेली साधी शिसपेन्सिल. पेन्सिल पाण्यातही उमटते. पाटीवर शब्द मावत नाहीत, म्हणून खुणा: कठीण प्रवाळ, मऊ प्रवाळ, स्पंज, खडक, वाळू, गाळ.

पांढऱ्या पडलेल्या प्रवाळापाशी हात थांबतो. पाणी जास्त तापलं की प्रवाळाच्या पेशींतलं सूक्ष्म शैवाल निघून जातं. अन्नाचा मोठा वाटा तेच पुरवतं, रंगही त्याचाच. पण पांढरं म्हणजे मेलेलं नव्हे. पाणी वेळेत निवलं तर शैवाल परत येतं. म्हणून नोंद जिवंतातच होते. किती पांढरं पडलं ते वेगळं लिहितात. ही एक खूण घाईत चुकली, तर जगणारी वसाहत कागदावर मरते.

विजयदुर्गपासून सुमारे १०५ किलोमीटर आत समुद्रात आंग्रिया बँक हे पाण्याखालचं प्रवाळांचं पठार आहे, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं. ताशी १८ किलोमीटरने गेलं तरी जायलाच सहा तास. तिथे सर्वांत उथळ जागाही वीस मीटर खोल. त्या खोलीवर दाब पृष्ठभागाच्या तिप्पट, म्हणून दर श्वासाला हवाही तिप्पट लागते. वर येताना पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं, तेवढी हवा राखूनच. १६० बिंदूंचं काम एका टाकीत उरकणं अवघड. उरलेल्या बिंदूंसाठी पुन्हा खाली जायचं, पण आधी होडीवर बराच वेळ बसून अंगातला नायट्रोजन निवळू द्यायचा.