विजेची स्कूटर : किंमत आणि मोल

मोठ्या कुटुंबांत एखादी महागाची वस्तु घ्यावयाची म्हटली म्हणजे ती दुकानांतून घरीं येण्यापूर्वीं घरांतील प्रत्येकाच्या जिभेवरून एकदां जाऊन येते. थोरल्यांना पूर्वीचे भाव आठवतात, धाकट्यांना नवे नमुने दिसतात, आणि स्वयंपाकघरांतून मात्र एकच प्रश्न येतो, "ह्याचा घरास उपयोग किती?" गेलीं कांहीं वर्षें आमच्या परिचयाच्या बहुतेक घरांतून असा खल विजेच्या स्कूटरविषयीं चाललेला आहे. पेट्रोलची साधी गाडी सोडून तिच्याहून चाळीसपन्नास हजारांनीं महाग अशी उंची विजेची गाडी घ्यावी कीं काय, हा एक प्रश्न. आणि तिची किंमत वर्षागणिक वरखालीं होत असतां ती आज घ्यावी कीं उद्यां, हा दुसरा. आमच्या घरीं हे दोन्ही प्रश्न वर्षाहून अधिक काळ पडून होते. त्या खटाटोपांत आम्हांस जें शिकावयास मिळालें तें, आणि जें फार उशिरा ध्यानीं आलें तेंही, वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

जुना चेतक आणि नवा

ह्या विषयाचा आरंभ पुण्याजवळच्या आकुर्डीपासून करणें योग्य होईल. १९७२ सालीं बजाज कंपनीनें 'चेतक' नांवाची स्कूटर बाजारांत आणली, आणि राणा प्रतापाच्या घोड्याचें हें नांव पुढें तीन दशकें मध्यमवर्गाच्या घरोघरीं रुजलें. त्या काळीं कारखानदारीवर सरकारी परवान्यांचें बंधन असल्यामुळें नांव नोंदविल्यापासून गाडी हातीं पडेपर्यंत वर्षांमागून वर्षें जात. ज्याचा नंबर लागे त्यानें मनांत आणलें तर नवी गाडी खरेदीहून अधिक दामानें तो सहज विकूं शके. आमच्या वडील पिढीच्या मनांत स्कूटर म्हणजे सोन्याच्या खालोखाल टिकणारी मत्ता, ही जी कल्पना घट्ट बसली आहे तिचें मूळ येथें आहे.

त्याच नांवाची विजेवर चालणारी गाडी जानेवारी २०२० मध्यें पुणें व बंगळूर येथें विक्रीस आली. साध्या नमुन्याची किंमत एक लाख रुपये आणि 'प्रीमियम' नमुन्याची १ लाख १५ हजार रुपये ठेवलेली होती. जुलै २०२२ मध्यें प्रीमियम नमुन्याची किंमत सुमारें १ लाख ५४ हजारांवर गेली. म्हणजे अडीच वर्षांत जवळजवळ चाळीस हजारांची चढ झाली. ज्यांनीं आरंभीं घेतली नव्हती ते हळहळूं लागले. पुढें ऑगस्ट २०२३ मध्यें तीच गाडी सुमारें १ लाख ३० हजारांस मिळूं लागली. जून २०२४ मध्यें त्याच नांवाचा एक साधा नमुना ९६ हजारांच्या आंत निघाला, आणि डिसेंबर २०२४ मध्यें साडेतीन युनिटांची मोठी बॅटरी असलेला नवा नमुना सुमारें १ लाख २७ हजारांस आला. आतां हळहळण्याची पाळी महागाईंत घेणाऱ्यांची होती. वाढत्या किंमतीस भिऊन घाई करणारा आणि उतरत्या किंमतीच्या आशेनें थांबणारा, असे दोघेही ह्या पांच वर्षांत एकेकदां शहाणे ठरले व एकेकदां फसले.

किंमत चढते कां?

विजेच्या गाडींत सर्वांत महाग असा एकच भाग असतो, आणि तो म्हणजे बॅटरी. आपल्या घरच्या मीटरवर जें 'युनिट' मोजलें जातें त्याच मापानें तिची सांठवणही मोजतात. ब्लूमबर्ग संस्थेच्या वार्षिक पाहणीप्रमाणें अशा बॅटरीची जागतिक सरासरी किंमत दरसाल उतरत आलेली असतां २०२२ सालीं ती प्रथमच वाढून युनिटमागें १५१ डॉलर झाली. लिथियमची महागाई हें त्याचें प्रमुख कारण होय. पुढें ती पुन्हां उतरूं लागली व २०२४ सालीं ११५ डॉलरवर आली. आपल्या दुकानांतील भावाच्या पाठीमागें परदेशांतील खाणींचा व रसायनांचा हा बाजार उभा असतो.

दुसरें कारण सुरक्षिततेचें आहे. मार्च २०२२ मध्यें पुण्यांत लोहगांव येथें रस्त्याकडेला उभ्या असलेल्या एका विजेच्या स्कूटरनें पेट घेतला व त्याचें चलच्चित्र देशभर पाहिलें गेलें. अशाच आणखी कांहीं घटना घडल्यावर सरकारनें बॅटरीच्या परीक्षेचे नियम कडक केले. ते डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांनीं अमलांत आले. ह्या परीक्षांसाठीं जो खर्च वाढला असेल त्याविषयीं कोणत्याही गृहस्थानें कुरकुर करूं नये. रात्रीं मुलेंबाळें झोपलेलीं असतांना ही वस्तु जिन्याखालीं वीज पीत उभी असते.

तिसरें कारण सरकारी अनुदानाचें, आणि तें नीट समजून घेण्यासारखें आहे. जून २०२१ मध्यें केंद्र सरकारनें हें अनुदान युनिटमागें १५ हजार रुपये व गाडीच्या कारखाना-किंमतीच्या जास्तींत जास्त ४० टक्के असें केलें. १ जून २०२३ पासून तें युनिटमागें १० हजार व १५ टक्क्यांच्या मर्यादेंत आलें. एप्रिल २०२४ पासून युनिटमागें ५ हजार, पण एका गाडीस १० हजारांहून अधिक नाहीं. आणि एप्रिल २०२५ पासून युनिटमागें अडीच हजार, पण एका गाडीस ५ हजारांहून अधिक नाहीं, अशी त्यास उतरती कळा लागली. तीन युनिटांच्या ज्या गाडीस एके काळीं मर्यादेंत बसल्यास ४५ हजार मिळूं शकत, तिला पुढें पांच हजार मिळूं लागले. गाडी तीच असूनही किंमत चढली ती अशी. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून पेट्रोलच्या लहान स्कूटरीवरील कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला व विजेच्या गाडीवरील कर पूर्वींप्रमाणेंच ५ टक्के राहिला; म्हणजे दोहोंच्या किंमतींतील अंतर त्या बाजूनेंही थोडें रुंदावलें.

तेव्हां दुकानदार वाढीव किंमत सांगूं लागला म्हणजे प्रथम हें विचारावें, कीं गाडींत कांहीं वाढलें आहे काय? बॅटरी मोठी असेल, हमी लांबली असेल, अंग पत्र्याचें असेल तर त्या पैशांस कांहीं अर्थ आहे. केवळ रंगीत पडदा, गाडीनें फोनशीं बोलावें अशी सोय, किंवा वेगाचा एखादा जादा प्रकार ह्यांसाठीं निराळे पैसे सांगितले जात असतील, तर ते मूळ किंमतींतून वेगळे काढून मगच तुलना करावी. 'उंची' ह्या शब्दांत टिकाऊपणाही असतो आणि डौलही असतो. घेणाऱ्यानें आपण कशाचे पैसे देत आहों तें ओळखावें.

वहीवरचा हिशेब

आमचे थोरले बंधु आयुष्यभर जमाखर्च लिहीत आले आहेत. त्यांनीं जो हिशेब मांडला तो वाचकांस आपआपले आंकडे घालून करतां येईल. पेट्रोल लिटरला शंभर रुपये आणि गाडी लिटरला पंचेचाळीस किलोमीटर धरली तर किलोमीटरला सव्वादोन रुपये पडतात. विजेच्या गाडीस एकदां पूर्ण भरण्यास, वाटेंतील गळती धरून, साडेतीन युनिटें लागतात, घरचें युनिट दहा रुपयांस पडतें, आणि तेवढ्यावर गाडी पंचाऐंशी किलोमीटर जाते असें धरलें, तर किलोमीटरला चाळीस पैशांच्या आसपास खर्च येतो. (प्रमाणपत्रांतील अंतर आणि चढउतारांच्या, गर्दीच्या रस्त्यावरील अंतर ह्यांत फरक असावयाचाच, म्हणून हिशेब नेहमीं कमी अंतराचा करावा.) म्हणजे किलोमीटरमागें सुमारें एक रुपया ऐंशी पैसे वांचतात.

आतां दोन घरें कल्पूं. एका घरीं गाडी दिवसास पंचवीस किलोमीटर आणि वर्षांतून तीनशें दिवस धांवते. तिचे वर्षाला साडेतेरा हजार वांचतील, आणि पेट्रोलच्या गाडीहून पंचेचाळीस हजार अधिक दिले असतील तर ते सवातीन वर्षांच्या सुमारास भरून येतील. दुसऱ्या घरीं गाडी मंडईंत व देवळांत जाण्यापुरती, दिवसास दहा किलोमीटर, चालते. तेथें वर्षाला ५,४०० रुपयेच वांचतील आणि तीच रक्कम फिटण्यास आठ वर्षांहून अधिक काळ लागेल. इंजिनाचें तेल व वंगण ह्यांचा खर्च विजेच्या गाडीस नसल्यामुळें दोन्ही मुदती थोड्या आंत येतील, इतकेंच. दुसऱ्या घरानें उंची गाडी घेऊं नये असें नाहीं. पण ती बचतीसाठीं घेतली असें स्वतःस सांगूं नये.

ह्यांत एक खांच आहे. बॅटरीची हमी पुष्कळदां तीन वर्षें किंवा पन्नास हजार किलोमीटर, ह्यांतील जें आधीं होईल तोंवर असते. पहिल्या घराचे पैसे फिटण्यापूर्वींच ती संपते. कांहीं कंपन्या जादा पैसे घेऊन ती आठ वर्षांपर्यंत वाढवून देतात. आमच्या मतें रंगीत पडद्यावर घालावयाचे पैसे ह्या हमीवर घालणें अधिक शहाणपणाचें. जुन्या चेतकाप्रमाणें ही गाडी पुढें चढ्या भावानें विकली जाईल ही आशा मात्र सोडून द्यावी. नवा नमुना अधिक स्वस्त व अधिक चांगला निघत असतां जुन्यास भाव येत नाहीं.

आणखी एक साधी गोष्ट. गाडी जेथें उभी राहणार तेथें पक्का बसविलेला, जमिनीशीं नीट जोडलेला खटका आहे काय? वाड्यांत हें सोपें असतें. सोसायटींत मीटर कोणाचा, तार कोठून न्यावयाची, ह्यावरून सभा होतात. ती सभा गाडीच्या नोंदणीपूर्वीं व्हावी, नंतर नव्हे. तिसऱ्या मजल्यावरून खिडकींतून दोरी सोडावी तशी तार सोडून गाडी भरणारे आम्हीं पाहिले आहेत. तो धोक्याचा प्रकार आहे.

जें वहींत नव्हतें

आतां आमच्या घरची गोष्ट. आमच्या धाकट्या सूनबाई एका शाळेंत शिक्षिका आहेत. शाळा घरापासून बारा किलोमीटर. दोन बसगाड्या बदलून जावें लागे. गाडीनें जाण्यायेण्यास जो वेळ लागला असता त्याहून रोज दीड तास अधिक जाई. २०२२ च्या उन्हाळ्यांत त्यांच्यासाठीं विजेची चेतक घ्यावी असें ठरत आलें होतें. जुलैमध्यें किंमत चढली. थोरले बंधु म्हणाले, "ही सूज आहे, उतरेल. थांबूं या." घरांत सर्वांनीं माना डोलावल्या. आम्हींही डोलावली.

बंधूंचा अंदाज खरा ठरला. पुढील वर्षीं ऑगस्टमध्यें किंमत उतरली आणि गाडी घरीं आली. कुंकवाचें बोट लागलें, नारळ फुटला. संध्याकाळीं जेवणें झाल्यावर बंधूंनीं वही उघडून मोठ्या समाधानानें वाचून दाखविलें, कीं थांबल्यानें जवळजवळ चोवीस हजार रुपये वांचले. सूनबाई ताटें उचलीत होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "दादा, त्या हिशेबांत माझे तासही घाला ना."

कोणी कांहीं बोललें नाहीं. थोड्या वेळानें बंधूंनीं स्वतःच पेन्सिल घेतली. शाळेचे दिवस सुमारें दोनशें चाळीस. दिवसाला दीड तास. एकूण तीनशें साठ तास. चोवीस हजारांस तीनशें साठांनीं भागिलें तर तासाला सदुसष्ट रुपयेही पुरे येत नाहींत. त्या दरानें आपण घरांतील एका मिळवत्या बाईचा वेळ विकला, आणि विकतांना तिला विचारलेंही नाहीं, हें त्या रात्रीं आम्हां सर्वांच्या लक्षांत आलें. ज्या तासांत वह्या तपासून व्हाव्या, लेंकरास जवळ घेऊन बसावें, किंवा नुसतें दोन घटका पडावें, ते तास बसच्या थांब्यावर गेले होते. त्यांची नोंद कोणत्याच सदरांत नव्हती. म्हणून ते फुकट आहेत असें आम्हीं सर्व धरून चाललों होतों. बंधूंनीं वही मिटली आणि म्हणाले, "चूक माझी झाली." आमच्या घरांत हें वाक्य क्वचित्‌ ऐकूं येतें.

आमचा सल्ला

ह्यावरून वाचकांनीं वाटेल ती किंमत देऊन गाडी घ्यावी असा अर्थ काढूं नये. ज्याचा रोजचा पल्ला लहान आहे, जुनी गाडी नीट चालते आहे, किंवा जेथें खटक्याची सोय नाहीं, त्यानें खुशाल थांबावें. ह्या बाजारांत थांबणाऱ्यास बहुधा अधिक चांगली वस्तु मिळत आली आहे. कर्ज काढून डौलाचा नमुना घेण्यापेक्षां त्याच कंपनीचा साधा नमुना घेणें पुष्कळांस पुरेसें होईल. परंतु ज्याला रोज वीसपंचवीस किलोमीटर जावें लागतें आणि आज त्यास दुसरें सुखाचें साधन नाहीं, त्याच्या बाबतींत थांबण्यालाही किंमत असते, आणि ती तो एकटाच देत असतो. म्हणून अशा खरेदीची बैठक बसेल तेव्हां प्रथम गाडी चालविणाऱ्यास बोलूं द्यावें, मग वही उघडावी.

आमच्या बंधूंनीं आपल्या वहींत आतां रुपये व पैसे ह्यांच्या शेजारीं तासांचें एक तिसरें सदर आंखलें आहे. परवां कपडे धुण्याच्या यंत्राची गोष्ट निघाली तेव्हां त्यांनीं तें सदर भरण्यासाठीं वही प्रथम स्वयंपाकघरांत पाठविली.