दिसणं आणि करणं यांच्यातलं अंतर

गेल्या पावसाळ्यात भोसरीच्या एमआयडीसीतल्या एका मध्यम कारखान्यात आम्ही दोन एक्सडीआर सॉफ्टवेअर, म्हणजे हल्ला ओळखून त्याला तिथंच अडवू पाहणारी साधनं, महिनाभर लावून पाहिली. निम्म्या संगणकांवर एक, उरलेल्यांवर दुसरं. दुसऱ्या आठवड्यात, शनिवारी रात्री दोन वाजता, मालकांच्या परवानगीनं मी दोन्ही गटांतल्या एकेका संगणकावर निरुपद्रवी सापळा लावला. बिलासारखी दिसणारी वर्डची फाइल. ती उघडली की आतला मॅक्रो पॉवरशेल हे विंडोजमधलं आज्ञा चालवणारं साधन सुरू करतो आणि बाहेरच्या एका सर्व्हरशी बोलू लागतो. दोन्ही सॉफ्टवेअरनी तो मिनिटभरात ओळखला. दोन्हींनी लाल अलर्ट काढला, सविस्तर मेल पाठवली. ती मेल उघडली गेली सोमवारी सकाळी सव्वानऊला. आयटी सांभाळणारा मुलगा एकटाच, आणि रविवार त्याच्या सुट्टीचा.

त्या मुलाची यात काही चूक नव्हती. पण हल्ला खरा असता, तर हल्लेखोराला एकतीस तास मोकळं रान मिळालं असतं. या कामात पंचवीसहून अधिक वर्षं काढल्यावर माझं ठाम मत झालं आहे की व्यवसायांच्या संगणक-सुरक्षेची सगळी वाटचाल या एकाच अंतराभोवती फिरते: धोका दिसणं आणि त्यावर काही करणं, यांच्यातलं अंतर. कुठलं एक्सडीआर घ्यावं, असं लोक विचारतात, तेव्हा मी आधी हे अंतर कसं वाढत गेलं ते सांगतो.

सुरुवातीला ते नव्हतंच. 1986 मध्ये लाहोरच्या दोघा भावांचा ‘ब्रेन’ हा व्हायरस फ्लॉपीवरून जगभर गेला. 1992 मध्ये ‘मायकेलअँजेलो’नं 6 मार्चला हार्ड डिस्क पुसण्याचा धाक घातला. त्याच काळात पुण्यात कैलास काटकर दुरुस्तीचं दुकान चालवत होते. गिऱ्हाइकांच्या मशीनमधले व्हायरस काढायला त्यांचे धाकटे भाऊ संजय यांनी छोटे प्रोग्रॅम लिहिले, आणि नव्वदच्या दशकाच्या मध्यावर त्यातूनच ‘क्विक हील’ उभं राहिलं. मराठी माणसांनी पुण्यात घडवलेलं हे सॉफ्टवेअर पुढे देशभरातल्या दुकानांत खोक्यात मिळू लागलं, आणि माझ्यासारख्या कितीतरी जणांनी हे काम त्याच खोक्यातल्या सीडीवर शिकून घेतलं.

त्या अँटीव्हायरसची रीत साधी होती. पोलीस ठाण्याच्या फलकावर जसे सराईत गुन्हेगारांचे फोटो लावलेले असतात, तशी त्याच्याकडे ओळखीच्या व्हायरसच्या खुणांची यादी असे. फाइल त्या यादीशी जुळली की पडद्यावर खिडकी उघडायची: काढू का? समोर बसलेला कारकून ‘हो’ दाबायचा. पाहणारा तोच, करणारा तोच. नवा व्हायरस यादीत नसे, ही त्या पद्धतीची मोठी उणीव. पण जे दिसे, त्यावर जागच्या जागी निकाल लागत असे.

मग संगणक एकमेकांना जोडले गेले. सर्व्हर आले, फायरवॉल आल्या, ईमेल आली, आणि प्रत्येक यंत्र आपापली नोंदवही, म्हणजे लॉग, लिहू लागलं. या नोंदी एका जागी गोळा करून त्यांत संशयास्पद काही शोधणाऱ्या प्रणालींना 2005 मध्ये गार्टनर या सल्लागार संस्थेनं ‘सिएम’ हे नाव दिलं. बँकांनी आणि मोठ्या कंपन्यांनी त्या घेतल्या. आता धोका संगणकापुढे बसलेल्याला दिसेनासा झाला. तो दिसे दुसऱ्याच मजल्यावरच्या, पुष्कळदा दुसऱ्याच शहरातल्या माणसाला. त्याच्यापुढे दिवसाकाठी हजारो इशाऱ्यांची रास असे, आणि एखादा संगणक बंद करण्याचा अधिकार मात्र त्याच्याकडे नसे.

हे अंतर किती महाग पडतं, ते 2013 मध्ये साऱ्या जगानं पाहिलं. अमेरिकेतल्या ‘टार्गेट’ या दुकानसाखळीत चोर शिरले ते वातानुकूलनाचं काम करणाऱ्या एका ठेकेदाराचा पासवर्ड वापरून. कंपनीनं काही महिन्यांपूर्वीच ‘फायरआय’ची महागडी प्रणाली बसवली होती आणि तिच्यावर बंगळुरूतला चमू लक्ष ठेवून होता. 30 नोव्हेंबरला प्रणालीनं घातक सॉफ्टवेअर दाखवलं, बंगळुरूनं मिनियापोलिसला कळवलं, आणि तिथं काहीच हललं नाही. घातक फाइल आपोआप पुसून टाकण्याची सोय त्या प्रणालीत होती. ती बंद ठेवलेली होती. सुमारे 4 कोटी ग्राहकांच्या कार्डांची माहिती गेली. आपल्या माणसांनी वेळेवर पाहिलं होतं, हे मला आजही टोचतं.

त्याच वर्षी गार्टनरच्या अँटन चुवाकिन यांनी एका नव्या जातीच्या साधनांना नाव दिलं, तेच पुढे ‘ईडीआर’ म्हणून रूढ झालं. ईडीआर फलकावरचे फोटो पाहत बसत नाही, ते वागणुकीवर नजर ठेवतं. वर्डनं पत्र उघडणं रोजचं, पण वर्डनं पॉवरशेल सुरू करणं विचित्र, आणि पॉवरशेलनं अनोळखी पत्त्यावरून फाइल उतरवणं त्याहून विचित्र. कोणत्या प्रोग्रॅमनं कोणाला जन्म दिला, याची वंशावळच ते पडद्यावर मांडतं. दुरून कळ दाबली की तेवढा एक संगणक नेटवर्कमधून वेगळाही करता येतो. दिसणं आणि करणं पुन्हा एका पडद्यावर आलं. पण ते फक्त संगणकापुरतं.

आणि हल्ले फक्त संगणकापुरते उरले नव्हते. 27 जून 2017 ला ‘नॉटपेट्या’ हा घातक प्रोग्रॅम युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून सुटला आणि मर्स्क या जहाज कंपनीमार्फत थेट आपल्या न्हावाशेव्याला, जेएनपीटीतल्या तिच्या टर्मिनलपर्यंत पोचला. कामकाज ठप्प झालं, कंटेनर अडकले. मर्स्कला पुढे सुमारे 4 हजार सर्व्हर आणि 45 हजार संगणक नव्यानं उभे करावे लागले. विश्वासानं घेतलेलं अपडेटच शत्रू निघालं, तर खुणांच्या यादीचा काय उपयोग?

वर्षभरानं पुण्याची पाळी आली. 11 ऑगस्ट 2018, दुसरा शनिवार. कॉसमॉस सहकारी बँकेच्या एटीएम स्विचच्या, म्हणजे एटीएममधल्या मागणीला मंजुरी देणाऱ्या यंत्रणेच्या, जागी हल्लेखोरांनी स्वतःचा नकली स्विच उभा केला. पैसे मागणाऱ्या प्रत्येक बनावट कार्डाला तो ‘द्या’ म्हणत राहिला. 28 देशांत सुमारे 12 हजार व्यवहारांतून 78 कोटी रुपये निघाले, भारतात 2,849 व्यवहारांतून अडीच कोटी. सोमवारी, 13 तारखेला, बँकांमधल्या आंतरराष्ट्रीय व्यवहारांच्या ‘स्विफ्ट’ या संदेशप्रणालीमार्फत आणखी 13 कोटी 92 लाख हाँगकाँगच्या एका खात्यात गेले. एकूण 94 कोटी 42 लाख. एटीएम, कार्ड, सर्व्हर, स्विफ्ट: प्रत्येक वाटेवर पाऊलखुणा होत्या, पण वाटा वेगळ्या, वह्या वेगळ्या, आणि चोरांनी वेळ निवडली ती सुट्टीची.

याच 2018 मध्ये पालो आल्टो नेटवर्क्सचे संस्थापक नीर झुक यांनी ‘एक्सडीआर’ हा शब्द मांडला. त्यातला ‘एक्स’ म्हणजे कुठलाही स्रोत: संगणक, ईमेल, नेटवर्क, लॉगिन, क्लाउड. फसवी मेल आली, ती कोणी उघडली, त्या खात्यानं रात्री कुठून लॉगिन केलं, मग कुठल्या सर्व्हरला हात घातला. पाच वह्यांतल्या पाच ओळी जोडून एकच हकिगत समोर ठेवायची, आणि तिथूनच संगणक तोडायचा, खातं गोठवायचं, तीच मेल इतरांच्या खात्यांतून काढून घ्यायची. कल्पना योग्य होती, आणि काही वर्षांतच प्रत्येक कंपनीच्या माहितीपत्रकावर हा शब्द झळकू लागला.

आज बाजारात दोन घराणी आहेत. एक स्वतःच्याच सामानावर उभं असलेलं. मायक्रोसॉफ्ट डिफेंडर जिथं मेल आणि लॉगिन आधीच मायक्रोसॉफ्टचं आहे तिथं खोलवर पाहतं; पालो आल्टोचं कॉर्टेक्स तिच्याच फायरवॉलसोबत खुलतं; ट्रेंड मायक्रो, सोफॉस, क्राउडस्ट्राइक, सेंटिनेलवन आणि क्विक हीलचं सेक्राइट यांची प्रत्येकाची बलस्थानं निराळी. दुसरं घराणं कोणाच्याही नोंदी स्वीकारणारं. त्यात ‘वाझू’सारखं मुक्त सॉफ्टवेअर आहे, ज्याला परवान्याचा पैसा लागत नाही, पण ते सांभाळायला जाणता माणूस कायमचा लागतो. मायटर ही अमेरिकी संस्था 2018 पासून खऱ्या टोळ्यांच्या पद्धती वापरून या साधनांची चाचणी घेते आणि निकाल खुले करते. ती क्रमांक मात्र देत नाही, हे लक्षात ठेवा. ‘पहिला नंबर’ हा शब्द विक्रेत्याचा असतो.

आपल्याकडे या तुलनेत कायद्यानंही भर घातली. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर-सुरक्षा संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या आदेशानं घटना लक्षात आल्यापासून 6 तासांत कळवणं आणि 180 दिवसांचे लॉग जपणं बंधनकारक झालं. डिफेंडरमधला सविस्तर शोध मुळात 30 दिवस मागं जातो. म्हणजे उरलेल्या दिवसांची सोय स्वतंत्र करावी लागते, आणि तिचा खर्च दरपत्रकाच्या पहिल्या पानावर नसतो. आणि 6 तास रविवारीही 6 तासच असतात.

मग 19 जुलै 2024 चा शुक्रवार उजाडला. सकाळी 9 वाजून 39 मिनिटांनी क्राउडस्ट्राइकनं एक सदोष फाइल जगभर पाठवली. या कंपनीचं सॉफ्टवेअर विंडोजच्या गाभ्यात बसलेलं, त्यामुळे सुमारे 85 लाख संगणक निळा पडदा दाखवत कोसळले. 78 मिनिटांत फाइल मागं घेतली गेली, पण पडलेलं यंत्र आपणहून उठेना. बहुतेक ठिकाणी माणसानं प्रत्येक यंत्राशी जाऊन ते उठवलं. आपल्या विमानतळांवर त्या दिवशी हातानं लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. हल्लेखोर कोणीच नव्हता. दिसणं आणि करणं यांच्यातलं अंतर मिटवायचं, तर राखणदाराच्या हाती घराच्या किल्ल्या द्याव्या लागतात, आणि किल्ल्या दिल्या की त्याची चूक ही आपल्या घराची आपत्ती होते. म्हणून तुलना करताना मी आता आवर्जून विचारतो: अपडेट आधी थोड्या संगणकांवर घेऊन पाहता येतं का, आणि सॉफ्टवेअर चुकलं तर मागं कसं यायचं?

भोसरीला परततो. महिन्याअखेर दोन्ही सॉफ्टवेअरचे गुण मांडले, तेव्हा पकडण्यात फरक उन्नीस-बीसचाच होता. शॉप फ्लोअरवरच्या जुन्या सीएनसी मशीनच्या संगणकावर दोन्हींपैकी कुठलंच बसत नव्हतं. तिथं नेटवर्कवरूनच नजर ठेवावी लागणार होती. निवड ठरली ती वेगळ्याच कागदावर. मालक, लेखापाल आणि तो आयटीचा मुलगा यांना एका टेबलाशी बसवून आम्ही एक पान लिहिलं. विचारल्याशिवाय कुठला संगणक तोडायचा, कुठला कधीच आपोआप तोडायचा नाही, रात्री पहिला फोन कोणाला, त्यानं उचलला नाही तर दुसरा कोणाला. ज्या विक्रेत्यानं चोवीस तास बसणाऱ्या माणसांसह हे पान आपल्या करारात जसंच्या तसं घ्यायचं कबूल केलं, त्याचं सॉफ्टवेअर घेतलं. थोडं महाग पडलं.

दोन महिन्यांनी, कोणालाही न सांगता, फक्त मालकांच्या संमतीनं, मी तीच बिलाची फाइल पुन्हा लेखा विभागात उघडली. शनिवार, रात्रीचे दोन. दोन वाजून चार मिनिटांनी त्या संगणकाचं नेटवर्क तुटलं. सात मिनिटांनी आयटीच्या मुलाचा फोन वाजला, पलीकडून मराठीतच विचारणा झाली, आणि त्यानं पानावर लिहिल्याप्रमाणे लेखापालाचं खातं गोठवायला सांगितलं. मग त्यानं मला फोन केला. आवाज झोपेतला होता, पण घाबरलेला नव्हता.