दोन एकरांचे वावर : हौस आणि हिशेब

उमरखेडला नोकरीनिमित्त स्थिरावलेल्या आपल्या कुटुंबांत एक गोष्ट हमखास बोलली जाते. मुलांची शिक्षणे आटोपली, घर बांधून झाले, आता दोन एकर वावर घ्यावे. शिक्षक असो, एस. टी.चा वाहक असो की बँकेतला शिपाई, ही इच्छा अनेकांच्या मनात असते. तिच्यामागे नुसती हौस नाही. ज्यांच्या आईबापांनी आयुष्यभर दुसऱ्याच्या धुऱ्यावर बसून भाकर खाल्ली, त्यांना स्वतःच्या नावाच्या सात-बाऱ्याचे मोल सांगावे लागत नाही. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली ६ डिसेंबर १९६४ पासून भूमिहीनांचा देशव्यापी सत्याग्रह झाला, तेव्हा लाखो माणसे जमिनीसाठी तुरुंगात गेली. त्या समाजाने आज कष्टाचा पैसा मातीत घालायचा, तर तो डोळे उघडे ठेवून घालावा, म्हणून हा लेखप्रपंच.

एकर नव्हे, ताकद मोजा

बाबासाहेबांनी १९१८ साली भारतातील लहान शेतजमिनींच्या प्रश्नावर निबंध लिहिला. जमीन लहान की मोठी हे नुसत्या एकरांवरून ठरत नाही, तिच्यावर लावायला भांडवल, अवजारे आणि श्रम किती आहेत यावरून ठरते, हा त्यातील गाभ्याचा मुद्दा. हेच सूत्र आपण आपल्याला लावून पाहू.

कोरडवाहू वावरात सोयाबीनचे एकरी ६ क्विंटल पीक धरले, तर दोन एकरांत १२ क्विंटल होते. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने जाहीर केलेला हमीभाव ५,३२८ रुपये. म्हणजे हाती ६३,९३६ रुपये, तेही पूर्ण हमीभाव मिळाला तर. त्यातून नांगरट, वखरणी, बियाणे, खत, पेरणी, डवरणी, निंदण, फवारणी, सोंगणी, मळणी आणि बाजार समितीपर्यंतचे भाडे वजा करा. उरते ती वर्षभराची कमाई. पाऊस रुसला, तर तीही नाही. दोन एकर वावर संसार चालवीत नाही, उलट पगार वावर चालवतो, हे आधी मनाशी पक्के करावे.

सिगालोवाद सुत्तात भगवान बुद्धांनी गृहस्थाला मिळकतीचे चार भाग करायला सांगितले आहेत. एक भाग उपभोगासाठी, दोन भाग व्यवसायासाठी आणि चौथा भाग अडीअडचणीसाठी. हा चौथा भाग, म्हणजे निवृत्तीची पुंजी, मुलीच्या शिक्षणाचा आणि आजारपणाचा पैसा, वावराच्या खरेदीत घालू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

घेण्यापूर्वी

सात-बारा आणि फेरफार स्वतः वाचावेत. विदर्भाला लागू असलेल्या १९५८ च्या कूळ कायद्यानुसार शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही, तेव्हा वडिलोपार्जित जमिनीत आपले नाव आहे का ते आधी पाहावे. सात-बाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग २’ असेल तर ती जमीन सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय हस्तांतरित होत नाही. अशी जमीन साध्या कागदावर घेणारा पैसाही गमावतो आणि जमीनही. सरकारी मोजणी करून धुरे पक्के करून घ्यावेत.

वाट पाहायची तर आषाढात, पाणी पाहायचे तर वैशाखात. उन्हाळ्यात जेथे बंडी सहज जाते, त्या पांदणीत पावसाळ्यात पाय निघत नाही. दिवाळीत भरलेली विहीर मे महिन्यात तळ दाखवते. ईसापूरच्या कालव्याचे ओलीत सांगून वावर विकले जात असेल, तर पाणी खरोखर किती वेळा आले ते शेजारच्या शेतकऱ्याला विचारावे. पैनगंगेच्या काठची काळी जमीन कसदार खरी, पण पूर कोठवर चढतो हेही गावातल्या वडीलधाऱ्यांकडून समजून घ्यावे.

तणाला रविवार नसतो

नोकरदार माणूस रविवारी वावरात जातो. तण मात्र सातही दिवस वाढते. वापसा आला की दोन-चार दिवसांत डवरणी झाली पाहिजे, पण त्याच दिवसांत सगळ्या गावाला मजूर हवे असतात. म्हणून आठवड्यातून एकदाच जाता येणाऱ्याने पीकही तसेच निवडावे. हळदीला लागवडीपासून काढणीपर्यंत आठ-नऊ महिने लागतात. शिवाय पाणी, शिजवणे आणि वाळवणे हे काम वेगळे. कपाशीची वेचणी दोन-तीनदा करावी लागते. दुभते जनावर तर दोन्ही वेळा माणूस मागते. त्यापेक्षा सोयाबीनमध्ये तूर, धुऱ्यावर सीताफळ, आंबा आणि घरापुरता भाजीपाला बरा. पैनगंगा अभयारण्याच्या बाजूला रानडुकरे आणि रोही यांची राखण कोण करणार, हेही आधीच ठरवावे. नुकसान झालेच तर लगेच वनविभागाला कळवून पंचनामा करून घ्यावा.

आता आपण मालक

सर्वांत महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. वावर घेतले की आपण मालक होतो, आणि निंदायला येणाऱ्या बाया, फवारणारे तरुण बहुधा आपल्याच वस्तीतले असतात. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर मरण पावले, हे आम्ही विसरू शकत नाही. फवारणाऱ्याला हातमोजे, तोंडाला मास्क आणि अंगभर कपडे देणे मालकाचे काम आहे. उपाशीपोटी, भर उन्हात किंवा वाऱ्याच्या तोंडाला फवारणी करवू नये. मनाने दोन-तीन औषधे एकत्र करू नयेत. रिकाम्या डब्यांत पाणी भरू नये.

त्याच सिगालोवाद सुत्तात मालकाची कर्तव्ये सांगितली आहेत. कामकऱ्याला त्याच्या शक्तीप्रमाणे काम द्यावे, अन्न आणि वेतन द्यावे, आजारात त्याची काळजी घ्यावी, वेळेवर सुटी द्यावी. मजुरी त्याच दिवशी चुकती करावी. बाईला आणि पुरुषाला सारख्या कामाचा सारखा दाम द्यावा. कालपर्यंत ज्याची आपल्याला चीड होती ते आपल्या वावरात घडत असेल, तर त्या सात-बाऱ्याचा अभिमान कशाचा?

घरातल्या बाईचे नाव

आमची आणखी एक विनंती आहे. खरेदीखतावर पती-पत्नी दोघांचीही नावे असावीत. स्त्रीला मालमत्तेत हक्क मिळावा म्हणून हिंदू कोड बिलासाठी झटलेल्या आणि १९५१ साली मंत्रिपदाचा राजीनामा दिलेल्या बाबासाहेबांचे आपण अनुयायी आहोत. खर्चाची वहीही घरातल्या बाईच्याच हाती द्यावी. ती पै न् पै लिहील.

ज्यांना अजूनही हौस आहे, त्यांनी आधी एक वर्ष एक एकर मक्त्याने करून पाहावा. वर्षाअखेरीस वही उघडावी. त्यात तोटा दिसला आणि तो पगारातून सोसण्याजोगा असला, मन रमले, मुलांना मातीची ओळख झाली, तर खुशाल वावर घ्यावे. अंगावर कर्ज दिसले, तर ती जमीन ज्याचे पोट तिच्यावर आहे त्याच्यासाठी सोडावी. जमीन हवी ती माणसाचा मान वाढवायला, त्याला सावकाराच्या दारी परत न्यायला नव्हे.